चोरवावराला पाणी कुठून आलं

आमच्या गावात परक्या माणसाला वाट सांगायची झाली तर अजून सांगतात, "चोरवावरापाशी डावीकडं वळा." ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवाल्यांना हे नाव पाठ आहे, आणि मध्यंतरी एका लग्नपत्रिकेवर कार्यस्थळाच्या पत्त्यात ते छापूनही आलं होतं. वधूपित्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, कारण त्या वावरात कधीच चोरी झाली नाही. हे ठामपणे सांगू शकेल असा आता मी एकटाच उरलोय, आणि सांगायला मी जवळजवळ सगळा जन्म लावला.

ते वावर माझ्या चुलत्यांचं. सख्खे नव्हेत, वडिलांचे चुलत भाऊ, पण आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. देवळाली प्रवरेहून सायकलवर निघालं की घाम फुटायच्या आत आमचं गाव येतं, आणि गावाच्या आधी बांधाला बांध लागून आमचं आणि काकांचं रान. मधल्या बांधावर एक बाभूळ होती. ती कुणाची, यावर माझ्या थोरल्या भावाचं म्हणजे दादाचं आणि काकांचं भांडण होतं. भांडण इतकं जुनं की ते सुरू झालं तेव्हा बाभूळ रोपटं होती म्हणे. बाभळीला दोघांपैकी कुणीच हात लावत नसल्यामुळे ती झकास वाढली होती.

दादाच्या गळ्यात माळ होती. घरात अंडंसुद्धा यायचं नाही. अशा घरात मासे कसे आले, ते आधी सांगतो.

शेतकी शाळा संपल्यावर मी कोकणात मत्स्यशेतीच्या प्रशिक्षणाला गेलो होतो. माशांविषयी मला काडीचं प्रेम नव्हतं, फुकटात समुद्र दिसेल एवढाच हेतू. तिथं खाडीत जाळ्याचं कुंपण घालून मासे वाढवायचा प्रयोग चालला होता. कुंपणाच्या बाजूला दोऱ्यांना शिंपले लटकवलेले, आणि त्यापलीकडे समुद्री शेवाळाच्या माळा. आमचे मास्तर मोठे मिश्कील होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला उभं केलं.

"माशाला टाकलेलं खाणं कुठं जातं?"

"माशाच्या पोटात," मी म्हणालो.

"आणि मग?"

वर्ग हसला.

"नगरकर, तुमच्याकडे काय रिवाज आहे माहीत नाही," मास्तर म्हणाले, "पण आमचे मासे तांब्या घेऊन बाहेर जात नाहीत."

मग त्यांनी समजावून सांगितलं. माशाला टाकलेल्या खाण्याचं थोडंच मांस होतं. उरलेलं उष्टं आणि विष्ठा होऊन पाण्यातच राहतं. त्यातले बारीक कण शिंपले गाळून खातात. पण जे विरघळलं, ते शिंपल्याच्या हाती लागत नाही. त्याला हिरवं काहीतरी लागतं, म्हणून शेवाळ. तिघांचं प्रमाण जमलं तर पाणी निर्मळ राहतं आणि तिघंही पोसतात, चुकलं तर खाडीची मोरी होते. मी हे सगळं वहीत उतरवलं आणि जगाचं कोडं सुटल्यासारख्या थाटात घरी आलो.

येताना सरकारी केंद्रातून रोहू आणि कटल्याची बोटभर पिल्लं एका पत्र्याच्या डब्यात आणली. एस.टी.चा कंडक्टर डब्यात डोकावून म्हणाला, "यांची अर्धी तिकिटं घ्यायची का पुरी?" सगळ्या गाडीनं वाकून वाकून मासे पाहिले. राहुरीपर्यंत एका बाईनं तर डबा मांडीवर घेतला.

आमच्या विहिरीवर मोठा दगडी हौद होता. इंजिनाचं पाणी आधी त्यात पडायचं आणि मग पाटानं रानात जायचं. त्यात मासे सोडायची परवानगी मी दादाकडून डासांच्या नावाखाली मिळवली.

"डास खातात म्हणतोस?"

"हो."

"आणि यांना कोण खाणार?"

"कुणी नाही."

"मग सोड," दादा म्हणाला. "पण कुणी गळ टाकलेला दिसला तर त्यालाच हौदात टाकीन."

आणि इथंच घोटाळा झाला. आमच्या हौदातले मासे पेन्शनीत निघाल्यासारखे जगू लागले. त्यांना कुणी खाणार नव्हतं आणि दादाला तर मुक्या जीवांना घास घालण्यात पुण्य दिसायचं. सकाळी शेंगदाण्याची पेंड, दुपारी शिळी भाकरी, एकादशीला उरलेली भगर. दादाची चाहूल लागली की मासे काठाशी येऊन तोंडं उघडायचे आणि दादा विरघळायचा. वहिनी म्हणायच्या, "भावजी, पुढल्या जन्मी मला या हौदात घाला. इतक्या आग्रहानं मला कुणी कधी वाढलं नाही."

दुसरं साल लागेपर्यंत मासे हातभर झाले आणि पाणी पोपटी. तळाशी काळा गाळ बसला. म्हैस हौदाशी जायची, फुरफुरायची आणि माझ्याकडे बघायची. मी प्रवरेच्या पात्रातून शिंपले वेचून आणले आणि कोकणातल्यासारखे टोपल्यांत भरून हौदात दोरीनं लटकवले. वहिनींनी विचारलं, "ही झुंबरं कशाला?" मी त्यांना कण, गाळणी, प्रमाण असं सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे त्यांनी घालायचं आणि यांनी निस्तरायचं. तुम्हा बाप्या माणसांना हे समजायला समुद्रावर जावं लागलं?"

शिंपल्यांनी इमानानं काम केलं, पण दादाच्या पेंडीपुढे त्यांचा निभाव लागेना. शेवटी आठवड्याला एकदा तळाचा बोळा काढून खालचं पाणी गाळासकट सोडून द्यायचं ठरलं. वरचं पाणी आमच्या पाटाला जायचं. तळाच्या भोकाचा उतार मात्र बांधाकडे, म्हणजे काकांच्या वावराकडे होता.

मी दादाला म्हणालो, "चर खणून हे पाणी आपल्याच रानात घेऊ. खत आहे ते."

"माशांची हागणदारी माझ्या जोंधळ्याला?" दादा केवढ्यानं तरी ओरडला. "सप्त्याच्या पंगतीला जातो तो जोंधळा! जाऊ दे तिकडं खाली."

"तिकडं काकांचं रान आहे."

"असू दे की," दादा म्हणाला. त्याच्या माळकरी चेहऱ्यावर इतकं निर्मळ समाधान मी आरतीच्या वेळीही पाहिलं नव्हतं.

असं आम्ही आमची घाण नेमानं भाऊबंदाच्या बांधात सोडू लागलो. सोडायचं काम माझं. भर दुपारी, माणसं भाकरीला बसली की मी बोळा काढायचो.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस गेला, धरणाचा कालवा बंद झाला, विहिरी तळाला गेल्या. आमची विहीर खोल म्हणून इंजिन थोडा वेळ तरी चालायचं. काकांच्या विहिरीत घागर बुडण्यापुरतं पाणी. काकी दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायच्या आणि काका एकटे रानात असायचे. त्या हिवाळ्यात शिवारभर जोंधळा पिवळा पडून गुडघ्याशी थांबला. आमचासुद्धा. फक्त काकांच्या वावरात बांधालगतचा मोठा पट्टा छातीएवढा उभा होता. त्याचा रंग काळसर हिरवा होता. तो रंग तेव्हा सगळ्या गावाला ओळखीचा झाला होता. युरिया टाकला की येतो तो.

नेमकी त्याच दिवाळीत आमच्या छपरातली युरियाची गोणी नाहीशी झाली होती.

काकांना त्यात काय गमवायचं होतं, ते सांगायला हवं. गावात चैत्रात मारुतीचा सप्ताह असतो. त्यासाठी घरोघरचा जोंधळा गोळा होऊन देवळाच्या कोठीत ठेवतात आणि कोठीची किल्ली एकाच माणसाकडे असते. ती काकांकडे होती, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांकडे. काका ती करगोट्याला बांधायचे. दुष्काळात तर त्या किल्लीला जास्तच वजन आलं होतं, कारण गावात भरलेलं असं धान्य तेवढंच. काकांना ना जमीन फार, ना शिक्षण. गावात त्यांना 'या, बसा' म्हणत ते या किल्लीमुळे.

मार्गशीर्षात देवळात बैठक बसली. दादानं गोणीचं नाव काढलं आणि काकांच्या वावराकडे बोट दाखवलं. हौदाची घाण त्याच्या लेखी घाणच होती, खत नव्हे. कुणीतरी विचारलं, "मग ह्यांचंच कसं हिरवं?"

"विहिरीचं पाजलं," काका म्हणाले.

"पाणी आमीबी पाजलं. आमचं का न्हाई काळं पडलं?"

मी काकांच्या शेजारीच बसलो होतो. मला उत्तर माहीत होतं. वहीत लिहिलेलं होतं. खाडीत जे काम शेवाळ करतं ते आमच्याकडे चुलत्यांचा जोंधळा करत होता. मी उठायला गुडघे जवळ घेतले, आणि माझ्या पायाच्या बोटांवर काकांची टाच पडली. पायताण बाहेर काढलेलं होतं म्हणून बरं. मी वळून पाहिलं तर काका समोर बघत होते, चेहरा अगदी गरीब. टाच मात्र उचलेनात.

बैठकीनं किल्ली मागितली. काकांनी करगोटा चाचपला, गाठ सोडवायला जरा वेळ लागला, आणि किल्ली पुढे ठेवली. ती कुणाकडे द्यायची यावर चर्चाच झाली नाही. माळकरी, सज्जन आणि गोणी गेलेला माणूस एकच होता. किल्ली दादाकडे आली.

दुसऱ्या दिवशी मी बांधावर गेलो.

"काका, का अडवलंत? मी खरं सांगणार होतो."

"म्हनूनच अडिवलं," काका म्हणाले. ते खाली बसून ओल्या जागेवर कोरडी माती पसरत होते, कुणाला पाणी दिसू नये म्हणून. "तू खरं बोलला असतास, आन् तुझ्या दादानं सांजच्याला भोक चिनून टाकलं असतं. मग माझा जोंधळा तू पाजला असतास का, थुकून?"

"पण किल्ली गेली ना."

"किल्ली भाजून खाता येती का? घरात खानारी तोंडं हायती. कनसं भरू दे, खळ्यात पडू दे, मग बोल. तवर मी चोर. काय फरक पडत न्हाई." मग माझ्याकडे बघून हसले. "आन् पेंड जरा वाढवा म्हनावं दादाला. मासं वाळल्यावानी दिसत्यात."

मी वाढवली. खोटं कशाला सांगू, त्या हिवाळ्यात मी चोरून माशांना ओंजळभर पेंड जास्त घालत होतो आणि बोळा आठवड्यातून एकदा निघायचा तो दोनदा निघू लागला. एवढंच एक काम मी नीट केलं.

संक्रांतीच्या सुमाराला आमची कडब्याची गंजी संपत आली. चारा कुठंच नव्हता, त्यामुळे गंजी अगदी बुडापर्यंत उपसली गेली. शेवटच्या पेंढ्या उचलल्या तर खाली युरियाची गोणी. ओल लागून दगड झालेली. पावसाची वाट बघताना दादानंच ती तिथं टेकवली होती आणि वर गंजी रचली गेली होती.

दादा, वहिनी आणि मी, तिघं गोणीभोवती उभे राहिलो.

"ही दुसरी गोणी," दादा म्हणाला.

"आपण एकच आणली होती," वहिनी म्हणाल्या.

"मग ही... ही जुनी असेल."

"देवाच्या कोठीची किल्ली कंबरेला आहे, बोला बोला," वहिनी म्हणाल्या आणि पेंढ्या उचलून आत गेल्या. दादानं गोणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. शेवटी तो एवढंच म्हणाला, "सप्ताह होऊन जाऊ दे." आणि ती दगड झालेली गोणी आम्ही दोघांनी मिळून त्याच जागी पुरली.

माघात काकांचं खळं झालं. धान्य फार नव्हतं, पण त्या साली तेवढं कुणाचंच नव्हतं. काका तोंडावरचा भुसा पुसत बांधावर आले.

"पडलं खळ्यात. आता बोल, वकीलसाहेब."

मी म्हणालो, "सप्ताह होऊन जाऊ दे."

दादाचेच शब्द, दादाच्याच आवाजात. मी बोललो असतो तर किल्लीवाला माझा भाऊ उघडा पडला असता. शिवाय आमच्या पाटाला हौदाचंच वरचं पाणी जातं, म्हणजे पंगतीचा जोंधळाही माशांच्याच पाण्यावरचा, हेही निघालं असतं. काकांनी हाताला लागलेला भुसा झटकला. मग म्हणाले, "बरं. देवाचं आधी."

सप्त्याच्या पंगतीत मी आमटी वाढत होतो. काका अगदी टोकाला, ज्यांना कुणी बोलवत नाही पण हाकलतही नाही अशांच्यात बसले होते. मी समोर आलो तसे म्हणाले, "वाढा वकीलसाहेब. साक्ष राहू द्या, आमटी तरी दाट वाढा."

उन्हाळ्यात आमचीही विहीर आटली. दादानं मासे पाण्याच्या पिंपात भरले, डोळे पुसत नेऊन धरणात सोडले, आणि हौद कोरडा पडला. बोलायला आता काहीच अडचण उरली नव्हती. मला तेव्हाच नगरला, नागापूरच्या एका कारखान्यात काम मिळालं. मी गाव सोडलं आणि अडचण सोबत घेऊन गेलो.

पुढे कधीही गावी गेलो की काका भेटायचे आणि हटकून विचारायचे, "तारीख पडली का, वकीलसाहेब?" मी हसायचो. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी कदाचित बोललो असतो. चेष्टेला उत्तर म्हणून हसून भागतं. मी तसं भागवत राहिलो. दरम्यान वावराला नाव पडलं, ते पोरांच्या तोंडी बसलं. काका गेले. नंतर दादा गेला, मागोमाग वहिनीही. किल्ली तिसऱ्याच घरात गेली.

यंदा दिवाळीनंतर मी काकींना भेटायला गेलो. नव्वदीला टेकल्यात, पण कान शाबूत आहेत आणि जीभही. ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. मी त्यांच्या पायाशी बसलो आणि सगळं सांगितलं. हौद, बोळा, गाळ, टाच, गंजीखालची गोणी. मला वाटत होतं, त्यांना हे ठाऊक असणार. काकांनी घरात तरी सांगितलं असेल.

काकी उन्हातून सरकून माझ्याकडे वळल्या.

"म्हंजी त्यांनी गोनी उचललीच न्हाई?"

"नाही काकी."

"माशाच्या घानीवर आला हुता जोंधळा?"

"हो."

"मंग मला का न्हाई सांगितलं त्यांनी?"

"तुम्ही कामावर खडी फोडताना बायकांत बोलला असता. पाणी बंद झालं असतं."

काकींनी जरा विचार केला. "बोलले असते," त्या म्हणाल्या. "लई बोलले असते." मग पदर सारखा करून त्या एकदम माझ्यावर उखडल्या. "आरं मुडद्या, त्या सालापासनं मी मारुतीचा शनिवार धरलाय! लेकरांसाठी चोरी केली मानसानं, पाप लागू नये म्हनून. ते पोटभर जेवून ढेकर द्यायचे माझ्यासमोर शनवारी, आन् म्हनायचे, लई कडक धरतीस गं. एवढे शनिवार उपाशी काढले मी! कुनासाठी? तुमच्या गोनीसाठी?"

मी खाली मान घातली. काकींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि कुणाला तरी शिव्या देत होत्या. मला देत होत्या की काकांना, ते कळलं नाही.

थांबल्यावर म्हणाल्या, "उद्या शनवार हाय. आदी देवळात जाऊन समद्यांम्होरं सांग. आन् उपास आता तू धर. माझा सुटला."

"काकी, मला साखर आहे. डॉक्टर उपास नको म्हणतात."

"डागदरला सांग, गोनीचा हाय."

शनिवारी सकाळी मी देवळात उभा राहिलो. आरतीला आलेली दहा-पंधरा माणसं होती, बहुतेक त्या काळी न जन्मलेली. मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. काकांनी चोरी केली नव्हती, हे दोनदा सांगितलं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग एका पोरानं विचारलं, "बाबा, पण मासे एवढे मोठे झाले, ते शेवटी खाल्ले कुणी?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "धरणात सोडले."

"अरारा," तो म्हणाला, आणि सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. ती काकांसाठी नव्हती.

जाताना त्या पोरांना विचारलं, आता तरी चोरवावर म्हणणं सोडाल का. एकजण म्हणाला, "आम्ही सोडू हो, पण ट्रॅक्टरवाल्यांना वाट कशी कळणार?" काकींना येऊन हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग लिहून ठिव. तुझ्या तोंडावर इस्वास न्हाई, तुला तारखा घ्यायची सवय हाय."

म्हणून हे लिहिलं. आज पुढचा शनिवार आहे. सून सकाळपासून दोनदा विचारून गेली की बाबा, खाल्लं का नाही, आणि एवढी भक्ती अचानक कुठून आली. मी तिला सांगितलं, मारुतीचं नाही, चुलत्यांचं आहे. ती साबुदाण्याची खिचडी ठेवून गेली आहे. ती मी सूर्य मावळल्यावर खाईन. काकी तशीच खायच्या.